‘हो हो, तुम्हालाच’ याची नोंद कशी करायची?

प्रश्न : मी नोकरी करते. या विधानसभेला पहिल्यांदाच एका उमेदवारासाठी घरोघरी प्रचाराला जाते आहे. पैसे घेत नाही, पटलं म्हणून जाते. प्रचार कार्यालयाने मला आणि आणखी एका कार्यकर्त्याला मतदार यादीचे दोन भाग दिलेत, मिळून साधारण १,९०० नावं. मतदानाला २० दिवस आहेत, म्हणजे प्रचाराला १८. तीन संध्याकाळींत १४० दारं झाली. जवळपास प्रत्येक घरी ‘हो हो, तुम्हालाच’ असं ऐकू येतं, आम्ही बरोबरची खूण करतो आणि पुढे जातो. कार्यालयात सगळे खूश आहेत, ‘नव्वद टक्के आपले’ म्हणतात. मला ते खरं वाटत नाही. सोबतचे काका विरोधी मताचा माणूस भेटला की वीस-वीस मिनिटं वाद घालतात. मला स्वतःला अनोळखी दारात शब्द फुटत नाहीत. आणि आता पत्रकासोबत घरटी एकेक कूपन द्यायचं ठरतंय. मी काय करावं?

उत्तर : आधी कूपनाचं बघू, कारण ते उद्यावर टाकता येणार नाही.

कूपन घेऊन जाऊ नका. त्यावर रक्कम लिहिलेली असो वा नसो, मतासाठी काही देणं किंवा द्यायचं कबूल करणं ही लाच आहे. लोकप्रतिनिधित्व अधिनियम १९५१ च्या कलम १२३ प्रमाणे तो भ्रष्टाचार ठरतो आणि त्यापायी निवडून आलेल्या उमेदवाराची निवडही रद्द होऊ शकते. भारतीय न्याय संहितेच्या कलम १७० आणि १७३ खाली तो गुन्हाही आहे, एक वर्षापर्यंत कैद. ज्याच्या दारात तुम्ही उभ्या आहात त्याच्या हातात फोन आहे. निवडणूक आयोगाच्या सी-व्हिजिल या तक्रारीच्या ॲपवर फोटो टाकला की १०० मिनिटांत तक्रारीचा निपटारा करायचा, असं आयोगाचं वेळापत्रक आहे. भरारी पथक आलं की पिशवी ज्याच्या खांद्यावर, पहिला जबाब त्याचा. ठरवणारे तेव्हा कार्यालयात असतात. ‘मी यादी आणि पत्रकं एवढंच नेईन’ असं शांतपणे सांगा. त्यावर कोणी फाटे फोडले, तर घरी बसणं बरं.

पत्रक हातात घेतल्यावर त्याची खालची ओळ वाचा. मुद्रक आणि प्रकाशक या दोघांची नावं-पत्ते तिथे हवेतच (त्याच १९५१ च्या अधिनियमाचं कलम १२७-अ). नसतील तर तो गठ्ठा परत करा.

आता नव्वद टक्क्यांचं. तुमच्याच इमारतीत विरोधी उमेदवाराचे कार्यकर्तेही फिरून गेलेत आणि त्यांनाही ‘हो हो, तुम्हालाच’ असंच ऐकायला मिळालंय. त्यांच्या कार्यालयातही सध्या नव्वद टक्के चालू असणार. लोक खोटं बोलतात असं नाही. दारात आलेल्याला ‘नाही’ म्हणायचं आपल्याकडे जड जातं आणि ‘हो’ म्हटलं की दार लवकर बंद करता येतं, एवढंच.

घरोघरी प्रचार म्हणजे दारोदार जाऊन मतं फिरवणं, असं बहुतेक नव्या कार्यकर्त्यांना वाटतं. तसं क्वचितच होतं. अमेरिकेत येल विद्यापीठाच्या ॲलन गर्बर आणि डोनाल्ड ग्रीन यांनी १९९८ साली न्यू हेवन शहरात प्रयोग केला होता. ज्यांना दारात प्रत्यक्ष भेटलं गेलं त्यांचं मतदान आठ-नऊ टक्के-बिंदूंनी वाढलं, नुसत्या फोनने काहीच फरक पडला नाही. त्याच देशात पुढे जोशुआ कॅला आणि डेव्हिड ब्रुकमन यांनी बरेच प्रयोग एकत्र करून पाहिलं. सार्वत्रिक निवडणुकीत अशा भेटींनी उमेदवाराची निवड बदलण्याचं प्रमाण त्यांच्या अंदाजाने जवळजवळ शून्य निघालं. आपली निवडणूक वेगळी, पण धडा इथेही लागू आहे. दारातली भेट माणसाला घराबाहेर काढते, त्याचं मन पालटायला ती सहसा पुरत नाही. तेव्हा तुमचं काम आहे निवडण्याचं. तांदळातले खडे वेगळे करतात तसं आपले कोण, काठावरचे कोण, दुसरीकडचे कोण हे वेगळं करायचं आणि यादीत खरं लिहायचं. मतदानाच्या दिवशी दुपारी दोन वाजता कोणाला फोन करायचा हे त्या खुणांवरून ठरतं. खूण खोटी असेल तर तुम्ही विरोधकाच्याच मतदाराला झोपेतून उठवून केंद्रावर पाठवाल.

एका खुणेने हे भागत नाही. पाच आकडे ठेवा. १ म्हणजे ठाम आपला, २ आपल्याकडे कललेला, ३ ठरलेलं नाही किंवा कळलं नाही, ४ दुसरीकडे कललेला, ५ ठाम दुसरीकडचा. आकड्यांपासून वेगळी अक्षरं : ‘बं’ बंद घर, ‘स्थ’ स्थलांतरित, ‘म’ मयत, ‘दु’ दुबार नाव. बंद घराला ३ देण्याची चूक सर्रास होते. मग ते घर ‘झालं’ या हिशेबात जातं आणि तिथे पुन्हा कोणी फिरकत नाही. दुसरी चूक याहून मोठी : घराला एकच आकडा. आकडा माणसाला द्यायचा. दारात सासूबाई भेटल्या तर आकडा फक्त त्यांच्या नावापुढे, मुलगा-सून ‘भेट नाही’. एका छपराखाली तीन पक्षांची मतं असलेली घरं कमी नाहीत.

तर ‘हो हो’चं काय? दार कसं उघडलं यावर ते आहे. तुम्ही बेल वाजवता, आतून ‘कोण?’ येतं, तुम्ही ‘निवडणुकीचं!’ म्हणता आणि टीव्हीसमोरून न उठताच आवाज येतो, ‘हो हो, तुम्हालाच!’ ही भेटच नव्हे. आकडा देऊ नका, ‘भेट नाही’ लिहा. दार उघडलं, पत्रक घेतलं, ‘हो हो’ म्हणत पुन्हा लोटायला लागले, तर ३. माणूस उंबऱ्यावर थांबला आणि त्याने काही विचारलं, अगदी तक्रारही केली, ‘पाच वर्षांत तोंड दाखवलं नाहीत,’ तरी तो २ असू शकतो. रागावणारा अजून हिशेब ठेवून असतो. स्वतःहून ‘वरच्या मजल्यावर माझी बहीण आहे, तिलाही भेटा’ म्हणाला, तर १.

शंका राहिली तर ‘मत कोणाला?’ असं थेट विचारू नका. मत गुप्त आहे, आणि तसं विचारल्यावर पुन्हा ‘तुम्हालाच’ हेच येणार. त्याऐवजी विचारा, ‘मतदानाला साधारण किती वाजता जाता? कोणाबरोबर?’ ठाम माणूस लगेच सांगतो : ‘सकाळी सातलाच, नंतर रांग लागते.’ नुसता शिष्टाचार करणारा म्हणतो, ‘बघू, जाऊ की.’ या प्रश्नाचा आणखी एक फायदा आहे. वेळ आणि सोबत तोंडाने एकदा सांगितली की माणूस ती पाळण्याची शक्यता वाढते. उत्तर यादीत लिहा : ‘७, नवऱ्यासोबत’. आकड्यापेक्षा ही नोंद जास्त कामाची.

आता तुमच्या गतीकडे बघू. संध्याकाळचे अडीच तास धरले तर तीन दिवसांत १४० म्हणजे रोज ४६-४७ दारं, जिने आणि वाट धरून एका दाराला तीन-सव्वातीन मिनिटं. त्यातून जिने, वाट आणि काकांची वीस-वीस मिनिटं वजा केली, तर बाकीच्या दारांत बोलायला जेमतेम मिनिट-दीड मिनिटच मिळालंय. एवढ्यात ‘हो हो’शिवाय दुसरं काही ऐकू येणारच नाही. इमारतींत जोडीने अडीच तासांत ३० ते ३५ दारं हा चांगला वेग, सुटी घरं किंवा वाड्या असतील तर २० ते २५. यातली तिसरा हिस्सा ते निम्मी दारं बंद मिळणार हे गृहीत धरा. १,९०० नावं म्हणजे अंदाजे ५०० घरं. पहिल्या फेरीलाच तुमच्या जोडीचे पंधरा दिवस जातील आणि बंद घरांना दुसऱ्यांदा जाणं राहून जाईल. तेव्हा कार्यालयाला आजच सांगा की दोन भागांसाठी आणखी एक जोडी हवी, नाहीतर एक भाग परत घ्या. एक भाग नीट झालेला बरा. दोन भाग धावत उरकले की हाती फक्त टक्केवारी राहते.

झालेल्या १४० दारांचं काय, असं विचाराल. त्या खुणा खोडा. पत्रक पोचलंय, तेवढं जमेला. ती घरं दुसऱ्या फेरीत रविवारी सकाळी घ्या.

यादीवर बसायला एक संध्याकाळ खर्च करा, ती वसूल होते. छापील यादीत एका पानावर साधारण तीस नावं असतात, घर क्रमांकाच्या क्रमाने. पण हे क्रमांक बऱ्याच ठिकाणी नुसते मानीव असतात, जागेवरच्या पाटीशी जुळत नाहीत. नवे मतदार शेवटी पुरवणी यादीत जातात, म्हणून आईवडील पान ४ वर आणि अठरा वर्षांची मुलगी पान ३८ वर. आडनाव आणि वडिलांचं किंवा पतीचं नाव बघून माणसं घरनिहाय जुळवा आणि इमारतीप्रमाणे नवी वही करा. तळमजल्यावरच्या नावांच्या पाटीचा उपयोग इथे होतो. प्रत्येक नावापुढे भाग क्रमांक आणि अनुक्रमांक सोडू नका. मतदानाच्या दिवशी लोक तेच विचारतात.

दारात पुन्हा पुन्हा येणाऱ्या दोन-तीन गोष्टी पाठ ठेवा. ‘माझ्याकडे कार्ड आहे’ म्हणणाऱ्याचं नाव यादीत असेलच असं नाही. मत यादीतल्या नावावर मिळतं, कार्ड फक्त ओळख पटवतं. उलट, नाव आहे पण कार्ड हरवलंय, तर आधार, पॅन, वाहन परवाना, पारपत्र, फोटो असलेलं बँकेचं पासबुक असे पर्याय चालतात. नुसती मतदार चिठ्ठी २०१९ पासून ओळखपत्र म्हणून चालत नाही. नाव नसेल तर या निवडणुकीपुरती नाव नोंदवायच्या अर्जाची, म्हणजे नमुना ६ ची मुदत आता गेलेली असणार. ‘बघतो, करून देतो’ म्हणू नका. ८५ वर्षांवरच्या मतदारांना घरून मतदानासाठी नमुना १२-ड अधिसूचनेनंतर पाच दिवसांत द्यायचा असतो. तीही मुदत गेली. ‘मग रिक्षा पाठवा’ असं आजी म्हणतील. उमेदवाराच्या वतीने मतदारांची फुकट ने-आण करणं हाही कलम १२३ मधला भ्रष्टाचार आहे, तेव्हा नम्रपणे नाही म्हणा आणि घरातलं कोण नेईल ते विचारून लिहा.

काकांच्या वादाबद्दल. ठाम विरोधी मतदार तुमच्यासाठी पंधरा सेकंदांचं काम आहे : ‘बरं, धन्यवाद, येते,’ आणि जिन्यावर जाऊन ५ लिहायचं. वाद जिंकलात तरी मत मिळत नाही. उलट आळसाने घरी बसणार होता तो आता ईर्ष्येने सर्वांत आधी रांगेत उभा राहील. त्यात शेजारी दाराआडून ऐकत असतात. काकांना हे तत्त्व सांगून पटणार नाही, त्यांना काम द्या. जोडीत एकाने बोलायचं, एकाने लिहायचं, आणि लिहिणाऱ्याने दारात तोंड उघडायचं नाही. वही काकांच्या हाती द्या. विचारायचे प्रश्न तुमचे, आकडा दोघांनी मिळून जिन्यावर ठरवायचा. दारासमोर कधीच लिहू नका. आपल्याबद्दल काहीतरी टिपलं जातंय हे दिसलं की पुढचं माणूस गप्प होतं.

म्हणजे बोलणं तुमच्याकडे आलं, आणि तुमचा प्रश्न नेमका तोच आहे. पण तुम्हाला फार बोलायचंच नाहीये. दोन वाक्यं पाठ करा, बाकीचं समोरच्याला बोलू द्या. बेल एकदाच वाजवा आणि दोन पावलं मागे या, म्हणजे जाळीच्या दारातून किंवा भिंगातून तुम्ही पूर्ण दिसाल. यादी खाली धरा. ‘कोण?’ला पक्षाचं नाव सांगू नका, स्वतःचं सांगा : ‘नमस्कार, मी अमुक, मागच्याच गल्लीत राहते. अमुक उमेदवारासाठी आले आहे, दोन मिनिटं आहेत का?’ ‘नाही’ म्हटलं तर ‘कधी येऊ?’ विचारा आणि वेळ लिहा. ‘हो’ म्हटलं तर लगेच एकच प्रश्न : ‘या भागात सगळ्यात जास्त त्रास कशाचा आहे?’ आणि थांबा. चार-पाच सेकंद कोणी बोलत नाही, ते अवघड वाटतं, पण ती पोकळी तुम्ही भरू नका. पाणी, रस्ता, दाखले, काहीतरी निघतंच. त्यातल्या एकाच गोष्टीवर उमेदवाराचं म्हणणं दोन वाक्यांत सांगा. पत्रकातले दहा मुद्दे वाचून दाखवले तर त्यातला एकही लक्षात राहत नाही. माहीत नसेल ते ‘विचारून सांगते’, आणि दोन दिवसांत खरंच सांगा. ‘निवडून आले की पाणी येईल’ असलं वचन तुम्ही द्यायचं नाही, ते द्यायचा अधिकार तुमच्याकडे नाही.

पहिल्या संध्याकाळची पहिली पाच दारं ओळखीची ठेवा. सहाव्यापर्यंत आवाज बसतो.

सून एकटी घरी असेल आणि ‘घरात विचारून सांगते’ म्हणाली तर ‘यजमान कधी भेटतील?’ हा प्रश्न गिळून टाका. यादीत तिचंही नाव आहे. ‘तुम्हाला स्वतःला काय वाटतं?’ असं तिला राजकारणाचं कोणी विचारलेलंच नसतं, आणि अशा दारात तुम्ही बाई असण्याचा खूप उपयोग होतो. घरात लहान मूल एकटं असेल तर पत्रकही देऊ नका, काही विचारू नका.

काही दारांत तुमचं आडनाव विचारतील, मग उमेदवाराचं ‘कोणत्यातले?’ तुमचं आडनाव सांगा आणि पाण्याकडे, रस्त्याकडे परत या. ‘आपल्यातलाच माणूस आहे’ हे वाक्य सोपं वाटतं आणि महागात पडतं. धर्म, जात, भाषा यांच्या नावाने मत मागणं कलम १२३(३) खाली येतं. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांच्या पीठाने स्पष्ट केलं की उमेदवाराचाच नव्हे, मतदाराचा धर्म-जात काढून केलेलं आवाहनही त्यात मोडतं. ते प्रकरण आपल्याच सांताक्रूझच्या १९९० च्या विधानसभा निवडणुकीतून गेलं होतं.

वेळेचं थोडक्यात. आठवड्यात सहा ते साडेआठ, रविवारी दहा ते एक. दुपारी दोन ते चार कोणाची झोप मोडू नका. रात्री दहानंतर बेलही नाही, फोनही नाही. उंच इमारतीत आधी सुरक्षारक्षकाच्या वहीत नाव लिहा, सोसायटीच्या सचिवांना फोन करा, मग लिफ्टने सगळ्यात वर जाऊन जिन्याने उतरत या. खालून वर चढणारी जोडी चौथ्या मजल्यावर ढेपाळते. पायात सहज निघणारी चप्पल, पिशवीत पुठ्ठा, दोन पेनं आणि एक पेन्सिल, पाणी, अंधाऱ्या जिन्यासाठी विजेरी. पाणी कोणी दिलं तर घ्या, चहाला नाही म्हणा, एका चहात सहा दारं जातात. घराच्या आत जाऊ नका. भिंतीवर, दारावर स्टिकर मालकाच्या परवानगीशिवाय नाही, विद्रूपीकरणाचा १९९५ चा कायदा आहे. बंद घराच्या जाळीत पत्रक खोचताना त्यावर हाताने लिहा : ‘भेटायला आले होते, मंगळवार, सात वाजता.’ छापलेल्यापेक्षा ते वाचलं जातं. तीनदा वेगवेगळ्या वेळी जाऊनही घर बंद, तर सोडून द्या.

खुणा केलेली वही हा लोकांनी विश्वासाने सांगितलेल्या गोष्टींचा ऐवज आहे. तिचे फोटो व्हॉट्सॲप गटावर टाकू नका, कोणाचा आधार क्रमांक किंवा ओटीपी मागू नका, कोणी मागायला सांगितलं तरी. रोज रात्री वही कार्यालयात एकाच माणसाकडे द्या आणि चार आकडे सांगा : वाजवलेली दारं, भेटलेली माणसं, १ आणि २ किती, बंद किती. टक्केवारी सांगू नका. पहिल्या दिवशी ‘चौतीस दारं, एकोणीस माणसं, नऊ आपली’ हा हिशेब ऐकून कार्यालयात तोंडं उतरतील. उतरू द्या.

चिन्हवाटप झालं की उमेदवाराचा यंत्रावरचा अनुक्रमांक तुमच्या दोन वाक्यांत घाला. सारख्या नावाचे उमेदवार उभे असतील तर यंत्रावरचा फोटो बघा असंही सांगा. शेवटच्या दोन दिवसांत नवी दारं घेऊ नका, १ आणि २ वाल्यांकडेच पुन्हा जा. मतदान केंद्राचा खोली क्रमांक बदललाय का ते सांगा, ठरलेल्या वेळेची आठवण द्या. मतदानापूर्वीच्या ४८ तासांत सभा-मिरवणूक नाही आणि मतदारसंघाबाहेरच्या कार्यकर्त्यांनी तोवर निघून जायचं असतं. तुमचं नाव इथल्याच यादीत आहे ना, हे आधी बघा. मतदानाच्या दिवशी केंद्राच्या १०० मीटरच्या आत प्रचाराचा एक शब्द नाही. चिठ्ठी द्यायची तर कोऱ्या पांढऱ्या कागदावर, नाव-अनुक्रमांक-केंद्र एवढंच, चिन्ह नाही.

दुपारी दोनला केंद्राबाहेरच्या टेबलावरून कोण येऊन गेलं त्याची यादी मिळेल. ती तुमच्या वहीशी लावा आणि १ वाल्यांत जे उरले त्यांना फोन करा. ‘सात वाजता, नवऱ्यासोबत’ असं लिहिलेल्या बाई अजून आल्या नसतील तर पहिला फोन त्यांना.